गादीला मुजरा, कारभाराशी वाद : ओबामांचा शपथविधी आणि विरोधात मत दिलेला माणूस

२० जानेवारी २००९ला वॉशिंग्टनमध्ये दुपारचे बारा वाजले, तेव्हा कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनाच्या, व्यासपीठावर कुणीही शपथ घेत नव्हतं. चार वादक बसले होते. यो-यो मा यांचा चेलो, इट्झाक पर्लमन यांचं व्हायोलिन, सोबत पियानो आणि क्लॅरिनेट. थंडी इतकी होती की वाद्यं सुरात राहण्याची खात्री नव्हती, म्हणून लोकांना ऐकू येत होतं ते आधी ध्वनिमुद्रित केलेलं संगीत. बराक ओबामा बसून ऐकत होते, मावळते राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुशही तिथेच होते. ते संगीत चालू असतानाच बुश यांची मुदत संपली आणि ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले. शपथ त्यानंतर काही मिनिटांनी झाली.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १९३३ साली विसावी दुरुस्ती झाली. राष्ट्राध्यक्षाची मुदत २० जानेवारीला दुपारी बाराच्या ठोक्याला संपते आणि त्याच क्षणी पुढच्याची सुरू होते, असं ती सांगते. त्याआधी हा दिवस ४ मार्च होता. नव्या माणसाने कारभार हाती घेण्यापूर्वी शपथ घ्यायची असते, पण जुन्याचा अधिकार मात्र कुणाच्या मर्जीवर, भाषणावर किंवा सहीवर अवलंबून राहत नाही. घड्याळ तो काढून घेतं.

आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. जेवणं आटोपून आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. वॉशिंग्टनमधली गर्दी अठरा लाखांची असल्याचा अंदाज पुढे जाहीर झाला. पडद्यावर दिसणारा जवळजवळ प्रत्येक चेहरा रडत तरी होता किंवा हसत तरी होता. वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "ज्यांनी याला मत दिलं नाही, ते आत्ता काय करत असतील?" मला नीट उत्तर देता आलं नाही. आज ते द्यायचा प्रयत्न करतो. त्या मैदानात न दिसणाऱ्या माणसाला समजून घेतल्याशिवाय शपथविधी ही काय चीज आहे ते कळत नाही, असं मला मनापासून वाटतं.

ती माणसं थोडी नव्हती. नोव्हेंबर २००८च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओबामांना ५२.९ टक्के मतं मिळाली आणि रिपब्लिकन पक्षाच्या जॉन मॅकेन यांना ४५.७. आकड्यात सांगायचं तर मॅकेन यांना जवळपास सहा कोटी लोकांनी मत दिलं होतं. निकाल निर्विवाद होता, तरी दर शंभर मतदारांतले जवळजवळ सेहेचाळीस जण हरलेल्या बाजूचे होते.

'पुराणमतवादी' या शब्दाने घोटाळा होतो

अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह माणसाला मराठीत आपण चटकन 'पुराणमतवादी' म्हणतो आणि तिथेच चुकतो. त्या शब्दाने डोळ्यांसमोर सोवळंओवळं पाळणारे, बदलाला घाबरणारे कुणीतरी उभे राहतात. अमेरिकेतला कॉन्झर्व्हेटिव्ह ही जरा वेगळी गोष्ट आहे.

त्याचं पहिलं म्हणणं असं की सरकार लहान असावं. कर कमी घ्यावेत, धंद्यात लुडबुड करू नये, जे राज्याला जमतं ते दिल्लीने, म्हणजे तिथल्या भाषेत वॉशिंग्टनने, करू नये. दुसरं, धर्म आणि कुटुंब यांना समाजात मानाचं स्थान असावं. गर्भपाताला विरोध याच विचारातून येतो. तिसरं, सैन्य बळकट असावं आणि शत्रूशी बोलताना आवाज खाली नसावा. एकाच माणसात ही तिन्ही मतं सारख्याच जोराने असतात असं नाही. चर्चला न जाणारा पण कराच्या नावाने संतापणारा कॉन्झर्व्हेटिव्ह असतो, आणि गरिबांना सरकारने मदत करायला हरकत नाही पण गर्भपात नको म्हणणाराही असतो.

या सगळ्याखाली एक समान पाया आहे. एडमंड बर्क हे अठराव्या शतकातले ब्रिटिश खासदार. त्यांचा विचार थोडक्यात असा : समाज म्हणजे आज जिवंत असलेल्यांची, होऊन गेलेल्यांची आणि अजून जन्माला न आलेल्यांची भागीदारी. जुन्या संस्था पिढ्यांच्या अनुभवाने घडलेल्या असतात, त्या एका पिढीने आपल्या हुशारीच्या भरवशावर मोडू नयेत. अमेरिकेत या विचाराला एक खास वळण मिळालं. तिथे जपायला राजघराणं नव्हतं. जपायचा होता तो १७८७ साली लिहिलेला कागद, म्हणजे राज्यघटना, आणि तिच्याभोवती वाढलेले रिवाज.

आता या माणसाला शपथविधीसमोर बसवा. त्याला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट समोर घडते आहे. तोच कागद, तेच पस्तीस शब्द, १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांनी न्यूयॉर्कमध्ये उच्चारलेले. आणि ते शब्द उच्चारणारा माणूस मात्र त्याला अजिबात नको असलेला कारभार करणार आहे. ज्याला परंपरेचं फारसं अप्रूप नाही, त्याची निवडणूक हरली की तो टीव्ही बंद करून झोपू शकतो. कॉन्झर्व्हेटिव्ह माणसाला ते इतकं सोपं जात नाही.

सातारा आणि पुणे

ही ओढाताण मराठी वाचकाला समजावून सांगायला माझ्या मते सातारा आणि पुणे यांच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठ्यांची गादी सातारला होती आणि कारभार पुण्यात. नवा पेशवा झाला की त्याची वस्त्रं सातारच्या छत्रपतींकडून यायची. कारभार कितीही वादग्रस्त असो, गादीचा मान वेगळा राहायचा. पेशव्यावर चिडलेला माणूस छत्रपतींच्या गादीला मुजरा करू शकत होता आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नव्हतं.

आजच्या भारतातही तशीच विभागणी आहे. राष्ट्रपती ही गादी, पंतप्रधान हा कारभार. ब्रिटनमध्ये राजा आणि पंतप्रधान. अमेरिकेत मात्र गादी आणि कारभार एकाच माणसाकडे असतात. शहीद सैनिकाच्या शवपेटीसमोर देशाच्या वतीने उभा राहणारा आणि तुमचा कर वाढवणारं विधेयक पुढे रेटणारा माणूस एकच. त्यामुळे मुजरा कुणाला आणि विरोध कुणाला, हे ज्याचं त्याला मनातल्या मनात वेगळं करावं लागतं. शपथविधीच्या दिवशी ही फोड करणं सर्वांत अवघड असतं, कारण त्या दिवशी तो माणूस गादीवर बसतोही आणि कारभाराचं पहिलं भाषणही करतो.

आपल्याकडचा एक प्रसंग आठवतो. २५ जुलै २००७ला प्रतिभा पाटील यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांनी ती दिली. आपल्या घटनेच्या ६०व्या कलमातली ही शपथ वाचली की अमेरिकेच्या शपथेशी असलेलं नातं लगेच दिसतं. घटनेचं जतन, संरक्षण आणि बचाव करण्याचं वचन दोन्हीकडे जवळजवळ त्याच शब्दांत आहे. आपल्या कलमात कायद्याचा आणि लोकांच्या सेवेचा उल्लेख जादा आहे. तर त्या निवडणुकीत शिवसेना भाजपची मित्र असूनही तिने काँग्रेसच्या प्रतिभाताईंना पाठिंबा दिला, कारण प्रथमच मराठी व्यक्ती राष्ट्रपती होत होती. काँग्रेसला जन्मात मत न दिलेल्या कितीतरी मराठी घरांत त्या दिवशी अभिमान होता. तो अभिमान खरा होता, आणि तो बाळगणं तुलनेने सोपंही होतं. राष्ट्रपतीच्या हाती रोजचा कारभार नसतो, त्यामुळे त्या अभिमानाची किंमत कुणाला मोजावी लागणार नव्हती. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह नागरिकाला २००९ साली ती मोजायची होती.

त्याच्या खुर्चीत बसून पाहू

समजा, ओहायो राज्यातल्या एका लहान गावात एक गृहस्थ आहेत. वय बासष्ट, हार्डवेअरचं दुकान, रविवारी न चुकता चर्च. १९८०मध्ये रोनाल्ड रेगन यांना मत दिलेलं, पुढे दोन वेळा धाकट्या बुशना आणि शेवटी मॅकेनना. मुलगा इराकमध्ये जाऊन आलेला. ही व्यक्ती मी कल्पिलेली आहे, पण तिच्यासमोर पडद्यावर जे घडलं ते सगळं घडलेलं आहे.

पहिली भावना अभिमानाची. ओबामांचा हात ज्या बायबलवर होता, ते अब्राहम लिंकन यांच्या १८६१च्या शपथविधीचं बायबल. लिंकननंतर ते कुणी वापरलं नव्हतं. आणि लिंकन हे रिपब्लिकन पक्षाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. ज्या कॅपिटॉलसमोर हा सोहळा चालला होता ते उभारताना गुलामांची मेहनत वापरली गेली होती. भाषणात ओबामा म्हणाले की साठ वर्षांपूर्वी ज्याच्या बापाला इथल्या एखाद्या खानावळीत वाढलंही गेलं नसतं, तो माणूस आज ही पवित्र शपथ घ्यायला तुमच्यापुढे उभा आहे. हे ऐकून डोळ्यांत पाणी येण्यासाठी डेमोक्रॅट असावं लागत नव्हतं. मॅकेन यांनी तर हरल्याच्या रात्रीच ॲरिझोनात हे बोलून दाखवलं होतं. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०१ साली कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, याची आठवण त्यांनी दिली. तिथून देश किती पुढे आला हे सांगितलं. समोरचे समर्थक ओबामांचं नाव निघताच हुर्यो करत होते, तेव्हा मॅकेन यांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. विरोध करणाऱ्या सगळ्यांचा विरोध सरकारच्या आकाराबद्दल नव्हता. काहींचा माणसालाच होता, त्याच्या रंगाला, 'हुसेन' या मधल्या नावाला. ऑक्टोबर २००८मध्ये मिनेसोटातल्या सभेत एका बाई मॅकेनना म्हणाल्या की माझा ओबामांवर विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेन यांनी त्यांच्या हातातून मायक्रोफोन घेतला आणि सांगितलं की नाही बाई, ते एक सभ्य कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत, या देशाचे नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी मूलभूत प्रश्नांवर मतभेद आहेत, इतकंच. स्वतःच्या सभेत, स्वतःच्या मतदाराला हे सांगायला छाती लागते. शपथ घेताना ओबामांनी 'बराक हुसेन ओबामा' असं पूर्ण नाव उच्चारलं, तेव्हा कुणाला अभिमान वाटला आणि कुणाच्या कपाळावर आठी पडली, यावरून विरोधाची जात ओळखता आली असती.

मग प्रार्थना. ती करायला ओबामांनी रिक वॉरन या इव्हँजेलिकल पाद्र्यांना बोलावलं होतं. समलिंगी विवाहाला विरोध करणारे म्हणून ते प्रसिद्ध, त्यामुळे ओबामांचे स्वतःचेच समर्थक या निवडीवर चिडले होते. आपल्या ओहायोच्या गृहस्थांना मात्र हा अनपेक्षित मान वाटला असणार. शपथेच्या शेवटी 'देवा, मला साहाय्य कर' अशा अर्थाचे शब्द आले. ते घटनेत नाहीत, रिवाजाने आले आहेत. त्यांच्यासारख्याला रिवाजही घटनेइतकाच मोलाचा.

शपथ देणारे होते सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स. त्यांना बुश यांनी २००५ साली नेमलं, आणि तेव्हा सिनेटर असलेल्या ओबामांनी त्या नेमणुकीच्या विरोधात मत दिलं होतं. ज्याला विरोध केला त्याच्याकडूनच शपथ घ्यायची, आणि ज्याने विरोध केला त्यालाच ती द्यायची. दोघांनीही ते केलं. कॉन्झर्व्हेटिव्ह माणसाला व्यवस्था म्हणजे काय असं विचारलं तर त्याने या दृश्याकडे बोट दाखवावं. मात्र शपथ देताना रॉबर्ट्स कागद न बघता बोलत होते आणि 'निष्ठापूर्वक' हा शब्द त्यांच्याकडून जागचा हलला. ओबामा क्षणभर थबकले. त्याबद्दल शेवटी सांगतो.

भाषणात कुठे मान हलली आणि कुठे नाही

भाषणाचा उत्तरार्ध रेगन यांच्या चाहत्यालाही पटावा असा होता. कष्ट, प्रामाणिकपणा, धैर्य, निष्ठा, देशप्रेम ही मूल्यं जुनी आहेत आणि खरी आहेत, असं ओबामा म्हणाले. जबाबदारीचं नवं युग यायला हवं, असंही. 'जुनं' या शब्दाला इतका मान देणारा डेमोक्रॅट ऐकून ओहायोतल्या खोलीत मान नक्की डोलली असेल.

त्याच भाषणात ओबामांनी अमेरिका हा ख्रिस्ती आणि मुस्लीम, ज्यू आणि हिंदू, आणि देव न मानणाऱ्यांचाही देश आहे असं सांगितलं. आमच्या घरात 'हिंदू' हा शब्द ऐकून वडील खुर्चीत सरसावून बसले. त्याच क्षणी ओहायोत 'देव न मानणारे' या शब्दांवर कुणीतरी अस्वस्थ झालं असेल.

त्याआधी एक वाक्य आलं होतं. आपलं सरकार फार मोठं आहे की फार लहान हा आजचा प्रश्न नाही, ते काम करतं की नाही हा प्रश्न आहे, असं ओबामा म्हणाले. आपल्याला हे सरळसाधं शहाणपण वाटतं. पण २० जानेवारी १९८१ला रेगन यांनी याच जागेवरून सांगितलं होतं की सध्याच्या संकटात सरकार हा आपल्या समस्येवरचा उपाय नाही, सरकार हीच समस्या आहे. त्या एका वाक्यावर एका पिढीचं राजकारण उभं राहिलं. सरकारचा आकार हाच ज्यांच्या दृष्टीने मूळ प्रश्न, त्यांना ओबामा सांगत होते की तो प्रश्नच आता उरला नाही. मतभेद झाला तर वाद घालता येतो. तुमचा प्रश्नच कालबाह्य झाला असं कुणी म्हटलं की जास्त लागतं.

आणखी एक वाक्य टोचलं. सुरक्षा आणि आदर्श यांपैकी एक निवडा, ही निवडच खोटी आहे असं सांगून आम्ही ती नाकारतो, असं ओबामा म्हणाले. रोख दहशतवादाच्या संशयितांना ठेवलेल्या ग्वांटानामोच्या तुरुंगाकडे आणि चौकशीच्या कठोर पद्धतींकडे होता, आणि ज्यांनी ते केलं ते बुश काही पावलांवर बसले होते. भाषणाच्या सुरुवातीला ओबामांनी त्यांचे सेवेबद्दल आणि सत्तांतरातल्या सहकार्याबद्दल आभार मानले होते, तरीही. मुलगा इराकला पाठवलेल्या बापाला हे कसं वाटलं असेल याची कल्पना करा. त्या धोरणावर टीका करायचा नव्या राष्ट्राध्यक्षाला पूर्ण अधिकार होता आणि माझ्या मते टीका बरोबरही होती. पण बापाचा घसा दाटून येणं हेही खोटं नव्हतं.

सर्वांत वाईट वाटलं असेल ते गर्दीच्या वागण्याने. बुश व्यासपीठावर आले तेव्हा मैदानातल्या काही लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी खोकी हलवताना पाठ दुखावल्यामुळे चाकांच्या खुर्चीत होते. सोहळा झाल्यावर ओबामा दांपत्य बुश दांपत्याला हेलिकॉप्टरपर्यंत पोचवायला गेलं. नव्याने जुन्याला असा निरोप द्यायचा, हाही रिवाजच. मैदानातल्या हुर्योपेक्षा तो मला कितीतरी मोठा वाटतो.

बुश यांच्याबद्दल या गृहस्थांच्या मनात फक्त सहानुभूती होती असंही समजू नका. सप्टेंबर २००८मध्ये लीमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक बुडाली आणि ऑक्टोबरमध्ये बुश यांनी बँकांना सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरच्या कायद्यावर सही केली. हार्डवेअरचं दुकान बुडालं असतं तर त्याला वाचवायला कुणी आलं नसतं. लहान सरकारच्या नावाने मतं घेऊन मोठं सरकार चालवल्याचा राग आपल्याच माणसावर होता. मन असं दोन्ही बाजूंनी पोळलेलं होतं.

'तो अपयशी ठरो' याचा अर्थ काय

शपथविधीच्या चार दिवस आधी रश लिंबॉ या अतिशय लोकप्रिय कॉन्झर्व्हेटिव्ह रेडिओ निवेदकाने ओबामा अपयशी ठरावेत अशी इच्छा जाहीरपणे बोलून दाखवली. देशभर वादळ उठलं. लिंबॉ यांचा युक्तिवाद असा की ओबामांची धोरणं देशाला घातक आहेत असं मी मानतो, मग ती यशस्वी व्हावीत अशी प्रार्थना मी कशाला करू?

दुसऱ्या टोकाला एक पत्र आहे. १९९२ची निवडणूक थोरले जॉर्ज बुश बिल क्लिंटन यांच्याकडून हरले. २० जानेवारी १९९३ला ऑफिस सोडताना त्यांनी क्लिंटन यांच्यासाठी पत्र ठेवलं. तुमचं यश हे आता देशाचं यश आहे आणि माझ्या शुभेच्छा पूर्ण जोराने तुमच्या पाठीशी आहेत, असा त्याचा आशय.

मला वाटतं, बहुतेक कॉन्झर्व्हेटिव्ह माणसं या दोन टोकांच्या मधे कुठेतरी होती, आणि त्यांचं कोडं खरंच अवघड होतं. 'यश' या शब्दात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. नोकऱ्या परत याव्यात, सैनिक सुखरूप घरी यावेत, देशावर हल्ला होऊ नये, हे यश सगळ्यांनाच हवं असतं. सरकार मोठं करणारी विधेयकं संमत होणं हे यश अर्ध्या देशाला नको असतं. तर्काने ही फोड करता येते, म्हणून लिंबॉ यांचं म्हणणं निव्वळ द्वेष म्हणून बाजूला सारता येणार नाही. पण मंदीच्या वर्षात, कारखाने बंद पडत असताना, धोरण फसलं तर नोकरीही जाते. तिथे ही फोड कागदावरच राहते. म्हणून थोरल्या बुश यांचा मार्ग मला जास्त खरा वाटतो : विरोध विधेयकाला करा, माणसाच्या पडण्याची वाट पाहू नका.

त्या दिवसांत असं वागणारे बरेच होते. शपथविधीच्या आदल्या रात्री, १९ जानेवारीला, ओबामांनी मॅकेन यांच्या सन्मानार्थ भोजन ठेवलं आणि मॅकेन गेले. बुश यांनी नेमलेले संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स ओबामांच्या विनंतीवरून त्याच पदावर राहिले. सोहळ्यावर हल्ला होऊन सगळं नेतृत्व संपलं तर देश चालवायला कुणीतरी उरावं, म्हणून एका मंत्र्याला अशा दिवशी मुद्दाम दूर सुरक्षित ठेवतात. त्या दिवशी ते गेट्स होते. मतं ५३ टक्के मिळवणाऱ्या ओबामांच्या कामाला जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप या संस्थेच्या पहिल्या पाहणीत ६८ टक्के लोकांनी पसंती दिली. याचा अर्थ ज्यांनी मत दिलं नव्हतं त्यांच्यातलेही अनेक जण काही काळ तरी त्याला संधी द्यायला तयार होते.

हा काळ फार टिकला नाही. २८ जानेवारीला, शपथविधीनंतर आठ दिवसांनी, अर्थव्यवस्थेला चालना देणाऱ्या प्रचंड खर्चाच्या विधेयकावर प्रतिनिधिगृहात मतदान झालं. २४४ विरुद्ध १८८ मतांनी ते संमत झालं आणि बाजूने मत देणाऱ्यांत एकही रिपब्लिकन नव्हता. याचं मला वाईट वाटत नाही. गादीला मुजरा करून झाला की कारभाराशी भांडायलाच विरोधकांना निवडून दिलेलं असतं.

जे आले नाहीत

या सगळ्याची किंमत कळते ती कुणी पाठ फिरवतं तेव्हा. १८०० सालच्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स थॉमस जेफरसन यांच्याकडून हरले. एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे सत्ता जाण्याची अमेरिकेतली ती पहिलीच वेळ. १८०१मधल्या शपथविधीच्या दिवशी ॲडम्स पहाटेच गाव सोडून गेले. त्यांचे चिरंजीव जॉन क्विन्सी ॲडम्स १८२९ला आले नाहीत, अँड्र्यू जॉन्सन १८६९ला आले नाहीत. त्यानंतर दीडशे वर्षं हा प्रकार दिसला नाही. २०२१ला डोनाल्ड ट्रम्प जो बायडेन यांच्या शपथविधीला आले नाहीत. त्याआधी दोन आठवडे, ६ जानेवारीला, जमाव कॅपिटॉलमध्ये घुसला होता, आणि शपथविधीसाठी उभारलेलं व्यासपीठही त्याच्या वाटेत आलं होतं. ट्रम्प यांचे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स मात्र आले. माझ्या लेखी त्या दिवशी खरा कॉन्झर्व्हेटिव्ह तो होता.

आणि हरूनही येऊन बसणाऱ्यांची यादी मोठी आहे. १९६१ला रिचर्ड निक्सन, २००१ला ॲल गोर, २०२५ला कमला हॅरिस. हे तिघेही तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष असल्यामुळे, शपथविधीच्या आधी स्वतःच्या पराभवाची मतमोजणी काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, अध्यक्षस्थानी बसून त्यांनी स्वतः जाहीर केली होती. २०१७ला हिलरी क्लिंटनही ट्रम्प यांच्या शपथविधीला येऊन बसल्या. त्या दिवशी लिबरल, म्हणजे डेमोक्रॅटांकडे झुकलेल्या, घरांतही तशीच घालमेल असणार जशी आठ वर्षांपूर्वी ओहायोत होती. खुर्च्या बदलल्या होत्या इतकंच.

आता तो जागचा हललेला शब्द. घटनेत लिहिलेली शपथ पस्तीस शब्दांची आहे आणि ती देशाच्या नावाने नाही, पक्षाच्या नाही, लोकांच्याही नाही, घटनेच्या रक्षणाची आहे. ओबामा बारा वाजताच राष्ट्राध्यक्ष झाले होते, त्यामुळे बहुतेक कायदेतज्ज्ञांना त्या चुकीने काही बिघडलं असं वाटत नव्हतं. तरी शंकेला जागा नको म्हणून २१ जानेवारीला संध्याकाळी रॉबर्ट्स व्हाइट हाउसमधल्या मॅप रूममध्ये गेले. गर्दी नव्हती, बँड नव्हता, लिंकन यांचं बायबल नव्हतं, कुठलंच बायबल नव्हतं. खोलीत मोजकी माणसं होती. ज्या न्यायाधीशाच्या विरोधात त्यांनी मत दिलं होतं त्याच्यासमोर ओबामांनी पुन्हा उजवा हात वर केला. रॉबर्ट्स सावकाश, एकेक शब्द सांगत गेले आणि ओबामा तो म्हणत गेले. या वेळी 'निष्ठापूर्वक' आपल्या जागेवर होता.